रुळवायला दिलेलं पायताण

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की मध्ये कुणी दात काढलेले मला खपणार नाहीत! सात-आठ वर्षं झाली या प्रकाराला, पण अजून आठवलं की माझं डोकं तापतं. आणि सगळ्यात वाईट काय माहीत आहे का? रागवायचं कुणावर, हेच ठरत नाही.

संस्थान विलीन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी तेव्हा कचेरीत कारकून. तब्येत खणखणीत, आवाज त्याहून खणखणीत. आणि गावात माझं नाव कशाबद्दल? जिलबीबद्दल! लग्नाच्या पंक्तीत मी बसलो की वाढपी आत ओरडायचे, "आण्णा आल्यात, दुसरी परात काढा!" अशा माणसाला कुणी सांगावं की तुला साखरेचा आजार झालाय?

झालं काय, तर डाव्या पायाच्या करंगळीला पायताण चावलं. आता कोल्हापूरच्या माणसाला पायताण चावलं, ही काय बातमी आहे का? पण आलेला फोड तीन आठवडे झाले तरी बरा होईना. हळद झाली, एरंडेल झालं. शेवटी आमच्या हिनं मला ढकलत डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी फोडाकडं एकदा बघितलं, बाटली हातात दिली आणि म्हणाले, "लघवी घेऊन या."

दुखतोय पाय, आणि हे मागतात लघवी! मी तिथंच भांडणार होतो. पण त्यांनी नळीत निळं औषध घातलं, थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली, आणि बघता बघता निळ्याचं विटकरी झालं.

"साखर भरपूर आहे," डॉक्टर म्हणाले. "गोड बंद. रोज दोन मैल चालायचं. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. आणि पायाला पुन्हा काही चावता कामा नये. तुमच्या पायाला कळ कमी लागते. आत्ता अंगठ्याला टाचणी टोचली, कळलं?"

"कधी टोचली?"

"तेच म्हणतोय मी. आणखी एक फोड आला आणि चिघळला, तर ती करंगळी काढावी लागेल मला."

काढावी लागेल! किती सहज! जसं काय परड्यातला मुळा उपटायचाय!

"चाला म्हणता आणि चावू देऊ नका म्हणता. मग घालू काय पायात?"

"कॅनव्हासचे बूट. मऊ, पुढं बोटांना ऐसपैस. आत सुती मोजे. माप संध्याकाळी द्यायचं, पाय तेव्हा जरा फुगलेले असतात. आणि रोज घरी आल्यावर पाय डोळ्यांनी बघायचे."

कॅनव्हासचे बूट! अहो, खाली धोतर, वर काळा कोट, डोक्याला टोपी, आणि पायात पांढरे कापडाचे बूट? मी काय शाळेतला ड्रिल मास्तर आहे? कुठनं कुठनं माणसं कोल्हापुरात पायताण घ्यायला येतात, आणि मी कोल्हापुरात राहून कापडात पाय घालू? आमच्या हिनं मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुतळीनं माझ्या पावलांचं माप घेतलं, बाजारात गेली आणि ते बूट आणलेच. आत मोजे कोंबून कॉटखाली ठेवले.

"राहू द्यात तिथं," ती म्हणाली. "खायला तर मागत नाहीत?"

मी त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही. आणि तिला बजावलं, "हा साखरेचा प्रकार उंबऱ्याबाहेर जाता कामा नये." जिलबीचा पैलवान साखरेनं चितपट झाला म्हटल्यावर कचेरीतल्या लोकांनी मला जगू दिलं असतं का? तुम्हीच सांगा.

सरळ गेलो आमच्या नेहमीच्या सखाराम चांभाराकडं. कागदावर पाऊल ठेवून रेघ मारून घेतली आणि म्हटलं, "मऊतलं मऊ कातडं घाल. पण चावता कामा नये."

आठवड्यात पायताण तयार. काय देखणं केलं होतं हो! पण सखाराम म्हणाला, "पाच-सात दिस चावंल. मग बघा."

"एक दिवससुद्धा चावलेलं चालणार नाही."

"आण्णा, पायताण हाय त्ये. नवं हाय तवर चावणारच की!"

"नाही म्हणजे नाही."

"का वं?"

आता का ते सांगता येतंय का? मी नुसता डोळे वटारून उभा.

"मग दुसऱ्याचा पाय घाला की!" सखाराम म्हणाला. "थोरामोठ्यांच्यात काय करत्यात? नवं पायताण आधी गड्याच्या पायात. गडी पंधरा दिस हिंडतोय, पायताण रुळतंय, मग मालक घालत्यात. फकस्त पाय तुमच्या मापाचा बघा. थोरला असला तर कातडं पसरंल."

बघा, किती साधी गोष्ट! पण गडी आणायचा कुठनं? मी कारकून. माझ्याकडं गडी कुठला? आणि माझ्या मापाचा पाय हुडकायचा कसा? लोकांना काय रस्त्यात अडवून म्हणू, जरा पाऊल दाखवा?

त्याच आठवड्यात कचेरीतल्या शिंद्यांकडं सत्यनारायण होता. दारात पन्नास जोड तरी उतरवलेले. मला वाटलं, देवच पावला! आत कथेचा चौथा अध्याय चाललाय, आणि मी बाहेर उकिडवा बसून, नव्या पायताणाच्या लांबीवर गाठ मारलेली सुतळी हातात घेऊन एकेक जोड मोजतोय. हा लांब. तो आखूड. याची टाच झिजलेली.

"आण्णा?"

मागं कचेरीतले तात्या उभे. हे उचगावचे, रोज सायकलनं यायचे. माणूस प्रेमळ, पण आवाज असा की चार घरं जागी व्हावीत.

"पायताणं मोजतासा व्हय?"

"सुतळी पडली होती," मी म्हटलं. "ती उचलत होतो."

"सतरा जोडांवर पडलीती? मी मघापासनं बघतोय की!"

तेवढ्यात आरती सुरू झाली म्हणून सुटलो. पण काम झालं होतं. एक जोड तंतोतंत माझ्या मापाचा मिळाला होता. आरतीनंतर मी कोपऱ्यात उभा राहून बघत बसलो, त्यात कुणाचा पाय जातोय. तर आमचे गणूभटजी बाहेर आले, आणि घातला की त्यात पाय!

मला इतका आनंद झाला म्हणता! भटजी दिवसाला पाच-सहा घरं फिरणार. वीस वर्षं पायपीट केलेला माणूस, टाचा दगडासारख्या. यांना पायताण काय चावणार? पायताणच शरण येईल! येताना माझ्या जुन्या पायताणाचा पट्टा तुटला, तरी मी वाटेत शीळ घालत होतो.

लग्नसराई म्हणून भटजी पंधरा दिवस हाताला लागेनात, मग एकदाचं त्यांना घरी बोलावलं. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. साखर, करंगळी, डॉक्टर, सगळं. आणि जानव्याची शपथ घातली. "यातला एक शब्द बाहेर पडता कामा नये!"

"अहो आण्णा, जीव गेला तरी बोलणार नाही," भटजी म्हणाले. सरळ माणूस. नवं पायताण पायात घातलं, दोन पावलं चालून बघितली.

वैशाखाचं ऊन. मी म्हटलं, या माणसानं माझ्यासाठी जास्तीत जास्त हिंडावं, तर उन्हाचा त्रास नको. म्हणून गेल्याच पावसाळ्यात घेतलेली छत्री त्यांच्या हातात दिली. आमच्या हिनं सवयीनं खीर करून ठेवली होती. मला ती चालत नाही. मग तिनं ती तांब्यात भरून भटजींना दिली. "तांब्या सावकाश आणून द्या," म्हणाली. आणि भटजी निघाले. पायात नवंकोरं पायताण, डोक्यावर छत्री, हातात तांब्या.

तुम्ही शहाणी माणसं आहात. भटजी एखाद्या घरातनं पायताण, छत्री आणि तांब्या घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्या घरात काय झालेलं असतं? कुणाच्या तेराव्याला देतात हे दान?

मला नाही सुचलं. साऱ्या कोल्हापूरला सुचलं!

वर आणखी कहर बघा. लोक भटजींना विचारायचे, "पायताण झकास हाय, कुणी दिलं?" भटजी सांगायचे, "आण्णांनी." तेवढं सांगायला शपथ नव्हती. "का वं? काय झालं आण्णास्नी?" यावर भटजी मान खाली घालायचे आणि म्हणायचे, "ते विचारू नका. बोलवत नाही."

आणि मी कुठं होतो? घरात! जाणार कुठं? जुनं पायताण शिवण्यापलीकडं तुटलेलं, नवं भटजींच्या पायात, अनवाणी चालायचं नाही. सत्यनारायणाच्या दुसऱ्याच दिवशी कचेरीत 'प्रकृतीच्या कारणास्तव' म्हणून रजेचा अर्ज टाकला होता. दार पुढं ओढून घेतलं होतं आणि घरात आमच्या हिच्या जुन्या सपाता घालून फिरत होतो. निम्मी टाच बाहेर. अशा अवताराची कुणाला खिडकीतनंसुद्धा झलक दिसू नये म्हणून मी जपत होतो.

भटजी पायताण घालून गेले त्याच्या आठव्या दिवशी दुपारी ही गिरणीत दळण घेऊन गेली होती. दारावर थाप पडली. मी दार बोटभर उघडलं आणि पायातल्या सपाता दिसू नयेत म्हणून दाराआड उभा राहिलो.

"कोण आहे?"

"मी तात्या. कचेरीतली मंडळी हाईत संगं." आवाज खाली गेलेला. तात्यांचा आवाज खाली गेलेला मी जन्मात ऐकला नव्हता. "आमास्नी आज कळलं वो!"

भटजींनी शपथ मोडली! फुटला साखरेचा प्रकार!

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? गणूभटजीच्या पायात दिसतंयच की. समद्या गावाला ठावं हाय."

मी कपाळावर हात मारला. पायताणावरनं आजार ओळखतात म्हणजे काय माणसं आहेत का कोण!

"लई तरास झाला का वो?" तात्यांनी विचारलं.

"त्रास कसला? एवढासा फोड. तिथनं सुरुवात झाली."

"फोडानं!" बाहेर कुणीतरी हुंदका दिला. "एवढ्याशा फोडानं!"

"डॉक्टर म्हणाले, साखर फार होती."

"जिलबीनं घात केला बघा. मी म्हनतच हुतो." तात्यांनी नाक ओढलं. "वैनी कशा हाईत?"

"बरी आहे. गिरणीत गेलीय."



"गिरणीत? इतक्या लौकर?"

"लवकर कसली? चार वाजले की!"

बाहेर कुजबुज झाली. मग तात्या दबकत म्हणाले, "राग मानू नगासा. तुमी आण्णांचं थोरलं भाऊ न्हवं? आवाज अगदी त्यांच्यावानी हाय. निदान तेराव्याला तरी सांगावा धाडायचा हुता की वो! आमी काय परकं?"

तेरावा? कुणाचा तेरावा? डोक्यात उजेड पडायला मला दोन क्षण लागले. आणि पडल्यावर मी जे दार उघडलं, ते भिंतीवर आपटलं!

"थोरला भाऊ कुठला? मी आण्णा आहे, आण्णा! जिवंत आहे!"

तात्या किंचाळले आणि पायरीवर बसले. मग त्यांची नजर माझ्या तोंडावरनं खाली सपातांवर गेली. बायकोच्या सपाता घातलेला मेलेला माणूस! बिचाऱ्यांना काय समजावं?

पण सावरल्यावर माणसानं काय म्हणायला पाहिजे? देवाची कृपा, वाचलात, असं काहीतरी? छे! तात्या माझ्यावरच खवळले.

"मग पायताण का दिलंसा? आं? छत्री का दिलीसा? सायबानं अर्ध्या दिसाची सुट्टी दिलीया कचेरीला! मी शोकसभेत बोललो! रडलो मी! आन् ह्यो हार? ह्यो कुणाला घालू आता?"

मागचा एकजण म्हणाला, "सायबास्नी काय सांगायचं? रजा कशात धरायची?"

ऐकताय ना? मी जिवंत निघालो म्हणून लोक माझ्यावर चिडलेत! माझ्या दारात! अंगाचा नुसता भडका उडाला. म्हटलं, आधी त्या भटजीला धरतो. पण जायचं कसं? पायात काय घालू? सपाता घालून गावातनं जाऊ?

रागाच्या भरात आत गेलो, कॉटखाली हात घातला आणि हाताला लागलं ते ओढलं. ते कॅनव्हासचे बूट. मोजे चढवले, नाड्या करकचून ओढणार, तर डॉक्टर आठवले, म्हणून जरा सैल बांधल्या. आणि निघालो.

भटजींच्या घरी गेलो, तर त्यांची मंडळी मला बघून आतच पळाली. दाराआडून कळलं, भटजी उचगावला वास्तुशांतीला गेलेत. तात्या म्हणाले, "बसा सायकलवर माझ्या मागं." मी म्हटलं, "चालत जातो!" माणसाला राग आला की सायकलवर बसवत नाही.

मग ती वरात बघा. पुढं मी, धोतर, बंडी आणि पांढरे बूट. मागं सायकल ढकलत तात्या, सायकलच्या दांड्याला झेंडूचा हार. वाटेतली माणसं थबकायची, एकानं तर हातातली पिशवी टाकली. आणि तात्या प्रत्येकाला मोठ्यानं ओरडून सांगायचे, "जित्तं हाईत! जित्तं हाईत!" उचगाव येईपर्यंत हेच. मेलेलं परवडलं म्हणायची पाळी!

वास्तुशांतीच्या घराच्या ओट्यावर भटजी पाय पसरून बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"आण्णा! शब्द पाळला मी! सगळं गाव विचारत होतं, एका जिवाला सांगितलं नाही!"

आता भांडू कुणाशी? शपथ कुणी घातली? मी. छत्री कुणी दिली? मी. दार लावून कोण बसलं? मीच! सखारामनं सांगितलं ते खरं, हिनं खीर दिली ती चांगल्या मनानं, तात्या रडले ते मनापासनं. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि मधोमध मी एकटा गाढव! असा संताप आला म्हणता!

"आणा माझं पायताण," मी म्हटलं आणि ओट्यावर बसून बूट काढले, मोजे काढले. डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं, म्हणून पाय वर धरून डोळ्यांनी बघितले. तीन मैलांच्या वर आलो होतो, तेही रागानं पाय आपटत. तर कुठं लाल नाही. फोड नाही. करंगळीची जुनी जखमसुद्धा कोरडी.

आणि मग भटजींनी पायताण काढलं. दोन्ही टाचांना चिंध्या बांधलेल्या! अंगठ्यालाही एक!

"हे काय हो?"

"चावतंय," भटजी शांतपणे म्हणाले. "आठ दिवस चावतंय. पण शब्द दिला होता ना तुम्हाला."

वीस वर्षं पायपीट केलेल्या दगडासारख्या टाचा सोलून निघाल्या होत्या. मी माझ्या करंगळीकडं बघितलं. हे पायताण घातलं असतं तर मला कळलंसुद्धा नसतं, चावतंय म्हणून.

"ठेवा भटजी," मी म्हटलं. "तुमच्या टाचा बऱ्या झाल्या की घाला, नाहीतर विका. मला नको. तुम्हालाच दिलं."

"मग असं वरवर नको, रीतसर द्या," भटजी म्हणाले. पूजेचं सामान जवळच होतं. त्यांनी पायताण माझ्यापुढं ठेवलं, माझ्या तळहातावर पळीभर पाणी घातलं आणि डोळे मिटून सवयीनं सुरू केलं. गोत्र विचारलं. मी सांगितलं.

"ज्यांच्या नावे द्यायचं, त्या मृताचं नाव?"

मागं तात्यांनी टोपी काढली. आणि मी त्या कॅनव्हासच्या बुटांशेजारी बसून, खणखणीत आवाजात, माझं संपूर्ण नाव सांगितलं.